निरोपाच्या पत्रातले कारण

३० जानेवारी २०१९ रोजी आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळाने एक निर्णय जाहीर केला, आणि तेव्हापासून मोठ्या पदांवरच्या माणसांचे नेमणुकीचे करार कसे लिहिलेले असतात याकडे माझे जे लक्ष लागले, ते आजतागायत सुटलेले नाही. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांची मुदतपूर्व निवृत्तीची विनंती याच मंडळाने ४ ऑक्टोबर २०१८ रोजी मान्य केली होती. चारेक महिन्यांनी मंडळाने ठरवले की ते जाणे निवृत्ती म्हणून धरायचे नाही. बँकेच्या नियमांनुसार गैरवर्तनाच्या कारणावरून केलेली सेवासमाप्ती, म्हणजे आपण साध्या भाषेत जिला बडतर्फी म्हणतो, ती म्हणून धरायचे. त्याबरोबर त्यांना द्यायच्या राहिलेल्या रकमा, बोनस, वेतनवाढ, वैद्यकीय सुविधा आणि न वापरलेले सगळे स्टॉक ऑप्शन रद्द झाले, आणि एप्रिल २००९ पासून मार्च २०१८ पर्यंत दिलेला सर्व बोनस परत मागण्याचेही ठरले.

व्यक्ती तीच, नोकरीची वर्षे तीच, जाण्याचा दिवसही तोच. बदलले होते ते फक्त जाण्याचे कारण, आणि त्या एका बदलाने कोट्यवधी रुपयांचा हिशेब उलटा झाला.

हे कसे होते ते समजून घेण्यासाठी वरिष्ठांच्या वेतनाची रचना पाहावी लागते. अशा पदावरच्या माणसाचा पगार महिनाअखेरीस खात्यात जमा होणाऱ्या रकमेपुरता नसतो. मूळ वेतन आणि भत्ते हा त्याचा एक भाग, वर्षाच्या कामगिरीवर ठरणारा बोनस हा दुसरा, आणि पुष्कळदा या दोहोंहून मोठा तिसरा भाग म्हणजे स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर आज ठरलेल्या भावाने पुढे केव्हातरी विकत घेण्याचा हक्क. हा हक्क एकदम पदरात पडत नाही. तो काही वर्षांत हप्त्याहप्त्याने पक्का होतो, आणि पक्का झाल्यावरही तो लगेच वापरायचा की शेअरचा भाव आणखी चढण्याची वाट पाहायची हे त्या अधिकाऱ्याच्या हाती असते. त्यामुळे तो ज्या दिवशी कंपनी सोडतो त्या दिवशी त्याच्या नावावर न मिळालेले असे बरेच काही शिल्लक असते. नियमाप्रमाणे निवृत्त होणाऱ्याला त्यातले बहुतेक सगळे मिळते, राजीनामा देणाऱ्याला काही मिळते, आणि बडतर्फ होणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून निरोपाच्या पत्रात कोणते कारण लिहायचे हा या पातळीवर शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. तो पैशाचा प्रश्न होतो, आणि ते कारण ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो ते संचालक बहुतेक वेळा त्याच अधिकाऱ्याबरोबर वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती बसलेले असतात.

मी आयुष्यातली बरीच वर्षे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात काढली. माणसे कामाला लागताना आणि काम सोडताना जी कागदपत्रे तयार होतात, ती तयार करणे हे माझे काम होते, आणि त्यामुळे एकाच आवारात दोन प्रकारचे निरोप मी फार जवळून पाहिले. एका कामगाराच्या जेवणाच्या डब्यात गेटवरच्या झडतीत पितळी बुश सापडले. त्याच दिवशी त्याचे निलंबन झाले, मग आरोपपत्र, त्याचा खुलासा, चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक, युनियनचा प्रतिनिधी, गेटवरच्या रखवालदाराची साक्ष, तिची उलटतपासणी, चौकशीचा अहवाल, दुसरी कारणे दाखवा नोटीस आणि शेवटी बडतर्फीचा आदेश असे सगळे टप्पे रीतसर पार पडले. त्या फाइलीची जाडी मला अजून आठवते. पुढे खरेदी विभागाच्या प्रमुखाविषयी पुरवठादारांकडून तक्रारी येऊ लागल्या. त्या वरच्या मजल्यावर गेल्या, दार बंद झाले, आणि काही आठवड्यांत त्यांचा राजीनामा वैयक्तिक कारणास्तव मंजूर झाल्याचे पत्र माझ्याकडे टाइप करायला आले. नोटीस काळाचा पूर्ण पगार त्यांना मिळाला, सभागृहात शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला, आणि त्यांच्या फाइलीत त्या तक्रारींचा एकही कागद लागला नाही. त्या तक्रारी खऱ्या होत्या की कोणा नाराज पुरवठादाराने रचलेल्या होत्या, हे कोणालाच कधी कळले नाही. कामगाराला निदान आपली बाजू मांडायला मिळाली होती. त्या प्रमुखाला तीही मिळाली नाही, आणि आपल्यामागे लोक काय बोलतात हे ठाऊक असूनही त्याला उत्तर देण्याची जागा त्याला उरली नाही. चौकशी टाळणे ही वरिष्ठांवर केलेली मेहेरबानी आहे असे समजले जाते. त्यात त्यांचेही नुकसान असते, हे तेव्हापासून माझे मत आहे.

आयसीआयसीआयच्या प्रकरणात चौकशी झाली, आणि म्हणूनच ते प्रकरण आपल्याकडच्या इतर अनेक प्रकरणांपेक्षा बारकाईने पाहण्यासारखे आहे. पण ती झाली कशी, हा क्रम महत्त्वाचा आहे. आरोप असा होता की २०१२ मध्ये व्हिडिओकॉन समूहाला मंजूर झालेल्या ३,२५० कोटींच्या कर्जात हितसंबंधांचा संघर्ष होता, कारण त्या समूहाचे वेणुगोपाल धूत आणि कोचर यांचे पती दीपक कोचर यांच्यात व्यवसायाचे संबंध होते. चितेगावच्या कारखान्यामुळे व्हिडिओकॉन हे नाव मराठवाड्याच्या घराघरात ओळखीचे होते, आणि २०१८ मध्ये तो समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्यामुळे या बातमीकडे महाराष्ट्रात दुरून पाहणे शक्यच नव्हते. हे आरोप २०१८ च्या मार्चमध्ये वृत्तपत्रांत ठळकपणे आले तेव्हा संचालक मंडळाने पहिले पाऊल उचलले ते विश्वास व्यक्त करण्याचे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर आमचा पूर्ण विश्वास आहे, कर्ज अनेक बँकांच्या समूहाने दिलेले आहे आणि आपल्या बँकेचा वाटा त्यात लहान आहे, असे मंडळाने सांगितले. स्वतंत्र चौकशीचा निर्णय झाला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, मेच्या अखेरीस. जूनमध्ये कोचर रजेवर गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशीचे काम आले.

ती चौकशी चालू असतानाच ऑक्टोबरात निवृत्ती मान्य झाली. त्या वेळी मंडळाने एक ओळ लिहिली होती, जिच्यावर पुढचे सगळे उभे राहिले: चौकशी चालूच राहील आणि काही लाभ तिच्या निष्कर्षावर अवलंबून राहतील. ही ओळ नसती तर जानेवारीत मंडळाच्या हाती फार काही उरले नसते असे मला वाटते. श्रीकृष्ण यांच्या अहवालाने निष्कर्ष काढला की बँकेची आचारसंहिता, हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचे नियम आणि विश्वस्ताच्या नात्याने असलेली कर्तव्ये यांचा भंग झाला, आणि दरवर्षी द्यायच्या प्रकटनांत पुरेशी दक्षता पाळली गेली नाही. कोचर यांनी हे निष्कर्ष अमान्य केले. या निर्णयाने आपल्याला अतिशय दुःख आणि धक्का बसला असे सांगून, बँकेत कोणताही कर्जाचा निर्णय एकट्याने घेतला जात नाही, तो समित्या घेतात, असे त्यांनी म्हटले.

पुढची न्यायालयीन वाट लांब आहे. खासगी बँकेच्या मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक असो की सेवासमाप्ती, बँकिंग नियमन कायद्यानुसार तिला रिझर्व्ह बँकेची आधी मंजुरी लागते. ती मंजुरी या प्रकरणात मार्च २०१९ मध्ये, म्हणजे सेवासमाप्तीच्या नंतर आली. त्यावरून कोचर मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, पण हा खासगी नोकरीच्या करारातला वाद आहे, त्यासाठी रिट याचिका चालणार नाही, असे म्हणून न्यायालयाने ५ मार्च २०२० रोजी याचिका फेटाळली आणि १ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. दरम्यान दिलेला बोनस परत मिळावा म्हणून बँकेने सुमारे १२ कोटी रुपयांचा दावा त्याच उच्च न्यायालयात लावला. कोचर यांनी निवृत्तीचे लाभ मिळावेत म्हणून वेगळा दावा केला, त्यात १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांना अंतरिम दिलासा नाकारला गेला, सेवासमाप्ती प्रथमदर्शनी वैध असल्याचे मत न्यायालयाने नोंदवले, आणि निवृत्ती मान्य झाल्यानंतरच्या महिन्यांत ऑप्शन वापरून घेतलेल्या ६ लाख ९० हजार शेअरचा व्यवहार करण्यास त्यांना मनाई केली. मे २०२३ मध्ये खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. फौजदारी बाजू याहून वेगळी आहे, आणि ती वेगळीच ठेवली पाहिजे: डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने कोचर पतिपत्नींना अटक केली, आणि ती अटक कायद्याला धरून नव्हती असे म्हणत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्यांची सुटका केली. कंपनीच्या चौकशीत ठपका येणे आणि गुन्हा सिद्ध होणे या दोन गोष्टी आहेत, आणि या लेखात मी पहिलीविषयीच बोलत आहे.

मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतून शिकलेली, १९८४ मध्ये आयसीआयसीआयमध्ये रुजू झालेली, २००९ मध्ये बँकेच्या सर्वोच्च पदावर पोचलेली आणि २०११ मध्ये पद्मभूषण मिळवलेली ही स्त्री आमच्या पिढीतल्या अनेकांनी मुलींना उदाहरण म्हणून सांगितलेली होती. मीही सांगितलेली होती. म्हणून या प्रकरणाविषयी लिहिताना मला आनंद होत नाही. पण समित्यांच्या निर्णयाचा जो मुद्दा त्यांनी मांडला तो मला फार मोलाचा वाटतो, कारण तो एका व्यक्तीपुरता नाही. मोठ्या कर्जाचा निर्णय खरोखरच समिती घेते, त्यामागे अनेक खात्यांच्या शिफारशी असतात, आणि एका माणसावर सगळे ढकलणे सोपे असले तरी न्याय्य नसते. हे मान्य केले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. बँकेचा नफा वाढतो तेव्हा तोही त्याच समित्यांनी, त्याच खात्यांनी आणि हजारो शाखांतल्या माणसांनी वाढवलेला असतो. तरी त्या वर्षाचा बोनस ठरवताना नेतृत्वाची कामगिरी म्हणून तो एका नावासमोर लिहिला जातो. यशाचे मोल व्यक्तीला द्यायचे असेल तर अपयशाची आणि गैरवर्तनाची जबाबदारीही त्या प्रमाणात व्यक्तीवर यायला हवी. दोन्हीही सामूहिक मानायचे असेल तर वेतनाचा आकडाच निराळा असायला हवा. वेतन ठरवणाऱ्या समित्या या प्रश्नाला सामोऱ्या जाताना मी पाहिलेल्या नाहीत.

आयसीआयसीआयच्या मंडळाने उशिरा का होईना चौकशीला वाट मोकळी ठेवली. अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सच्या मंडळाने नेमके याच्या उलट केले आणि त्याची किंमत सगळ्यांसमोर मोजली. तिथले मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह ईस्टरब्रुक यांचे एका कर्मचारी स्त्रीशी परस्परसंमतीने संबंध असल्याचे कळल्यावर, कंपनीच्या नियमाचा भंग म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये मंडळाने त्यांना काढले. पण काढताना ते गैरवर्तनाच्या कारणावरून काढलेले नाहीत असे धरले. तसे धरल्यामुळे २६ आठवड्यांचा पगार आणि ४ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर आणि ऑप्शन त्यांच्याकडे राहिले. पुढच्या वर्षी, जुलै २०२० मध्ये, एक निनावी खबर आली आणि नव्याने झालेल्या तपासात कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आणखी तीन कर्मचारी स्त्रियांशी असलेले संबंध उघड झाले. त्यांपैकी एकीला त्याच काळात लाखो डॉलर किमतीचे शेअर देण्यास त्यांनी मंजुरी दिल्याचेही समोर आले. पुरावे कंपनीच्याच ईमेल सर्व्हरवर होते. पहिल्या वेळी तिथपर्यंत कोणी पाहिले नव्हते.

कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये डेलावेअरच्या न्यायालयात दावा लावला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ईस्टरब्रुक यांनी १० कोटी ५० लाख डॉलरहून अधिक किमतीचे शेअर आणि रोख रक्कम परत केली आणि माफी मागितली. या रकमेने बातम्यांचे मथळे व्यापले. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती जानेवारी २०२३ मधली अमेरिकेच्या रोखे नियामकाची, एसईसीची कारवाई. नियामकाने ईस्टरब्रुक यांना ४ लाख डॉलरचा दंड केला आणि पाच वर्षे कोणत्याही सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीचे अधिकारी वा संचालक होण्यास बंदी घातली. पण त्याच आदेशात कंपनीलाही दोष दिला. गैरवर्तन झालेले असूनही ते कारण न धरण्याचा निर्णय मंडळाने स्वतःच्या अधिकारात घेतला होता, त्यामुळे जी रक्कम जप्त व्हायची ती त्या अधिकाऱ्याकडे राहिली होती, आणि ही गोष्ट भागधारकांना सांगितली गेली नव्हती, हा तो दोष. जाण्याचे सौम्य कारण लिहिणे हाही एक आर्थिक व्यवहार आहे आणि तो लपवता येत नाही, हे कोणा नियामकाने इतक्या स्पष्टपणे सांगितलेले मी प्रथमच वाचले. आणि तो व्यवहार कोणाच्या पैशाने होत होता? २०१८ साली ईस्टरब्रुक यांचे वेतन सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलर होते, आणि ते कंपनीच्या मध्यम कर्मचाऱ्याच्या, म्हणजे सगळ्यांना वेतनाच्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणाऱ्याच्या, वेतनाच्या २,१२४ पट असल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते.

त्याच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखावरही दावा झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने म्हटले की धोक्याच्या खुणा दिसत असताना लक्ष ठेवण्याचे कर्तव्य संचालकांइतकेच अधिकाऱ्यांवरही असते. आयुष्यभर त्याच प्रकारच्या खात्यात काम केलेल्या माणसाला हे वाक्य किती जड जाते ते मी सांगू शकतो. आमच्या खात्याला सगळे ठाऊक असते आणि आमच्या खात्याला कोणी विचारत नाही, असा समज आम्ही जोपासलेला असतो.

अमेरिकेतल्याच वेल्स फार्गो या बँकेचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण कोणाला आधी आणि कोणाला नंतर विचारले जाते ते तिथे लख्ख दिसते. विक्रीची लक्ष्ये गाठण्यासाठी ग्राहकांच्या नकळत खाती उघडल्याबद्दल त्या बँकेने पाचेक वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून कमी केले, त्यांत मोठी संख्या शाखांतल्या लहान पदांवरच्या माणसांची होती. ती लक्ष्ये ठरवणाऱ्या विभागाच्या प्रमुख कॅरी टोलस्टेट यांची मात्र जुलै २०१६ मध्ये सन्मानाने निवृत्ती जाहीर झाली होती. सप्टेंबरात प्रकरण चव्हाट्यावर आले आणि सिनेटसमोर मुख्य अधिकारी जॉन स्टम्फ यांची उलटतपासणी झाली, तेव्हा कुठे त्यांचे ४ कोटी १० लाख डॉलरचे शेअर रद्द झाले, आणि एप्रिल २०१७ मध्ये टोलस्टेट यांच्या निवृत्तीचेही गैरवर्तनाच्या कारणावरून केलेल्या सेवासमाप्तीत रूपांतर झाले. खालच्यांचा हिशेब आधीच पूर्ण झालेला होता.

आता आपल्या एसटीकडे येतो. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटी जप्त करण्याविषयी एक निकाल दिला, ज्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या एका कर्मचाऱ्याबरोबरच महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या वाहकांचीही प्रकरणे होती. वाहकांवर ठपका होता तो प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकीट न दिल्याचा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल अशा कृत्याबद्दल नोकरीवरून काढल्यास ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः जप्त करण्याची तरतूद होती. त्यासाठी फौजदारी न्यायालयात गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालावरून समजले जात असे. या निकालाने सांगितले की तशी गरज नाही, नोकरी देणाऱ्याने केलेली खातेनिहाय चौकशी पुरेशी आहे. वाहकांच्या बाबतीत मात्र न्यायालयाने अपहाराच्या रकमेचा लहानपणा लक्षात घेतला आणि ग्रॅच्युइटी पूर्ण न घेता तिच्या २५ टक्केच जप्त करावी असा आदेश दिला.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. तत्त्व म्हणून तो मला पटतो, आणि त्यातली करुणाही पटते. एसटीच्या वाहकाची गाडी रस्त्यात कोणत्याही थांब्यावर तपासणी पथक अडवू शकते. प्रवाशांसमोर त्याच्या बॅगेतली रक्कम मोजली जाते, तिकिटांशी ताळा घातला जातो, आणि फरक निघाला की अहवाल आगारात पोचतो. त्याच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे असे पत्रक आगारव्यवस्थापक आधी काढत नाही. ते काढावे असेही माझे म्हणणे नाही. प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराने मोजली जाणारी त्याची ग्रॅच्युइटी, म्हणजे तीसेक वर्षांच्या सेवेची शेवटची पुंजी, काही रुपयांच्या तिकिटांसाठी पणाला लागते, आणि ती किती वाचवायची हे ठरवायला देशाचे सर्वोच्च न्यायालय बसते. खातेनिहाय चौकशी वाहकाला पुरेशी असेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही ती पुरेशी असली पाहिजे, आणि वाहकाची चौकशी ज्या तत्परतेने सुरू होते त्याच तत्परतेने वरची चौकशी सुरू झाली पाहिजे. तत्त्वात दोघे समान आहेतच. अंतर पडते ते चौकशी कधी सुरू होते आणि तोपर्यंत पैसे कोणाच्या हाती असतात यात.

पैसे कोणाच्या हाती असतात, याला मी फार महत्त्व देतो. दिलेला बोनस परत मागणे आणि न दिलेला थांबवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयसीआयसीआयने न वापरलेले ऑप्शन एका ठरावाने रद्द केले. दिलेल्या बोनससाठी मात्र तिला दावा लावावा लागला, आणि असे दावे वर्षानुवर्षे चालतात. रिझर्व्ह बँकेने हे ओळखले असावे, कारण नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांत तिने खासगी बँकांच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या एकूण वेतनाचा किमान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून ठेवायला सांगितले, त्या भागाला स्थिर वेतनाच्या तिप्पट अशी कमाल मर्यादा घातली, आणि त्यातली किमान ६० टक्के रक्कम निदान तीन वर्षे लांबवायला लावली, म्हणजे त्या काळात काही उघड झाले तर ती रोखता यावी. मला हे नियम आवडतात. त्यांचा वापर करण्याचे धैर्य संचालकांना नियमांतून मिळणार नाही, ते त्यांच्याकडे असावे लागते.

बँकांबाहेरच्या कंपन्यांना इतके कडक काही लागू नाही. कंपनी कायद्याच्या २०२ व्या कलमात पद गेल्याची भरपाई किती द्यावी याला मर्यादा आहे, आणि फसवणूक, विश्वासघात किंवा घोर निष्काळजीपणा असेल तर ती देऊ नये असे म्हटलेले आहे. पण हे ठरण्यासाठी आधी कोणीतरी तपासावे लागते, आणि राजीनामा गोडीने घेतला की तपास थांबतो. निरोपाचा करार एकदा सही होऊन बाहेर पडला की तो कंपनीलाच बांधून ठेवतो, हे इन्फोसिसच्या अनुभवावरून दिसले. २०१५ मध्ये कंपनी सोडणाऱ्या वित्तप्रमुखांना १७ कोटी ३८ लाख रुपये देण्याचे ठरले, त्यावर नारायण मूर्तींनी जाहीर आक्षेप घेतला, कंपनीने काही हप्ते देऊन उरलेले थांबवले, आणि २०१८ मध्ये लवादाने राहिलेले १२ कोटी १७ लाख रुपये व्याजासह देण्याचा आदेश दिला. त्या अधिकाऱ्यांचे काही चुकले होते असे कोठेही सिद्ध झाले नाही, आणि मीही तसे सुचवत नाही. मला त्यातून दिसते ते एवढेच, की आधी सही आणि मग विचार या क्रमाने कंपनीला न्यायही मिळत नाही आणि जाणाऱ्या माणसालाही निर्मळ निरोप मिळत नाही.

आपल्याकडच्या शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२३ पासून एक चांगला नियम आणला आहे. सूचीबद्ध कंपनीतला प्रमुख अधिकारी राजीनामा देतो तेव्हा त्याचे पत्र, त्याने दिलेल्या सविस्तर कारणांसह, राजीनामा अमलात आल्यापासून सात दिवसांत शेअर बाजारांना कळवावे लागते. ही पत्रे कोणालाही वाचता येतात आणि मी ती सवयीने वाचतो. बहुतेकांत वैयक्तिक कारण, कुटुंबासाठी वेळ, नव्या संधी यांपैकी काहीतरी असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण हा नियम जाणाऱ्याचे कारण विचारतो, पाठवणाऱ्याचे विचारत नाही. त्या पत्राला जोडून मंडळाने दुसरे एक पान द्यावे, असे मी सेबीकडे मागेन: जाण्याच्या दिवशी या व्यक्तीविरुद्ध कोणती तक्रार वा चौकशी प्रलंबित होती का, मंडळाने हे जाणे कोणत्या प्रकारात धरले, तसे धरल्यामुळे किती रक्कम आणि किती शेअर तिच्याकडे राहिले वा रद्द झाले, आणि पुढे चौकशीत काही निघाले तर त्यातले काय परत घेता येईल. या चार प्रश्नांची उत्तरे मंडळाकडे त्या दिवशी असतातच, कारण त्यांच्याशिवाय हिशेबाचा कागद तयार होऊ शकत नाही.